सोळा जणींना तू विचारलंच नाहीस

काल सकाळी साडेआठला मी तुझं नाव मस्टरवरून काढलं, ताई. टाइम ऑफिसात बसून बावीस वर्षं लोकांची नावं चढवली आणि उतरवली, हात कधी अडखळला नाही. काल अडखळला, आणि मग मला रागच आला. जायचंच होतं तर संक्रांत उलटून तरी जायचंस. युनियनची मोजणी संक्रांतीनंतर आहे हे तुला माहीत होतं. अख्ख्या कंपनीला तूच सांगत फिरत होतीस.

मी हे असं मोठ्याने बोलले तर तुझी सून डोळे वटारते. तिला वाटतं, मेलेल्या माणसाशी असं बोलू नये. तिला काय ठाऊक, आपण जन्मभर अशाच बोललो. आई म्हणायची, या दोघींना एका ताटात वाढलं तर ताट फुटेल. आता तू फोटोत जाऊन बसलीस आणि ऐकायची पाळी पहिल्यांदाच तुझ्यावर आली आहे, तर ऐक.

लोकांना वाटायचं मी साहेबांची आणि तू कामगारांची. वसईच्या पूर्वेला प्लास्टिकचे डबे बनवणारी एक कंपनी, तिच्यात पॅकिंगला मोठी बहीण, टाइम ऑफिसात धाकटी. मोठी युनियनची सेक्रेटरी, धाकटीच्या टेबलावर सगळ्यांचे हजेरीपट. पण मला त्या टेबलाशी बसवलं कुणी? माझे हे गेले तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. पंधराव्या दिवशी तू बोळिंजला माझ्या सासरी आलीस, म्हणालीस, ऊठ, साडी बदल, आणि सरळ शेठच्या केबिनमध्ये नेऊन उभी केलीस. हिला टायपिंग येतं, हिशेब येतो, हिला ऑफिसातच घ्या, पॅकिंगला पाठवलंत तर मीपण उद्यापासून येत नाही. शेठ हसला आणि मला खुर्ची मिळाली. ती खुर्ची अजून तीच आहे, फक्त कुशन दोनदा बदललं.

आणि तू उभी राहिलीस. तीस वर्षं. पॅकिंगच्या पट्ट्यासमोर बायकांना बसायला स्टूल नाही, कारण बसलं की हात संथ होतात असं मॅनेजरचं म्हणणं. तुझ्या गुडघ्यांची काय दशा झाली होती ते मी पाहिलं आहे. घरी यायचीस तेव्हा जिन्यात प्रत्येक पायरीला एक शिवी असायची. तुझ्या मागण्यांच्या कागदावर पहिल्या ओळीत पगारवाढ कधीच नव्हती. पहिल्या ओळीत स्टूल. मी तो कागद टाइप करायचे, घरी, चोरून, आणि दरवेळी मला माझ्या खुर्चीची लाज वाटायची. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तूच चिडली असतीस.

आता आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. ती काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

तेव्हाचा कायदा तुला तोंडपाठ होता. शंभरातले तीस कामगार सलग सहा महिने युनियनचे मेंबर असले तर युनियन कोर्टाकडे मान्यता मागू शकते. मान्यता मिळाली की शेठला बोलायला बसावंच लागतं. नाही मिळाली तर तू गेटवर कितीही घसा फोड, ऐकून घ्यायची त्याला सक्ती नाही. मस्टरवर आपण दोनशे दहा. लागत होत्या त्रेसष्ट. गेटवर सभा घ्यावी तर वरच्या गॅलरीतून सुपरवायझर कोण कोण थांबलं ते बघत राहायचा. बायका घाबरायच्या. पदर डोक्यावर ओढून सरळ रिक्षात.

तेव्हा तुझ्या डोक्यातून ती अफलातून कल्पना निघाली. हळदीकुंकू. संक्रांत ते रथसप्तमी, गासच्या रस्त्यावरच्या तुझ्या घरी, रोज संध्याकाळी दहा-बारा जणी. हळदीकुंकवाला गेलीस का म्हणून कोणता सुपरवायझर विचारणार? वाण म्हणून तू कंपनीचेच डबे दिलेस, भंगारात काढलेले, ज्यांची झाकणं नीट बसत नाहीत ते. आणि डब्यात तिळगुळाखाली घडी घातलेला मेंबरशिपचा फॉर्म. बायका तिळगूळ खायच्या, सही करायच्या, फॉर्म परत द्यायच्या, डबा घरी न्यायच्या. पंधरा दिवसांत सहासष्ट फॉर्म. शेठच्याच डब्यांतून शेठच्या विरोधात युनियन भरली. मला अजून हसू येतं. अशी डोकी दिल्लीत बसायला हवी होती, तू कुठे पॅकिंगला जन्म काढलास.

मला मात्र हे संक्रांतीनंतरच्या सोमवारी कळलं. एकेक बाई कार्ड पंच करायला खिडकीशी यायची आणि प्रत्येकीच्या पिशवीतून तसलाच निळा डबा डोकावायचा. मी दुपारी तुला कॅन्टीनच्या मागे गाठलं. म्हटलं, घरी कार्यक्रम आणि बहिणीला पत्ता नाही? तू इकडे तिकडे बघितलंस आणि म्हणालीस, तुला अवघडल्यासारखं होईल गं, म्हणून नाही सांगितलं. मी हसले. म्हटलं, बरं केलंस. आणि टेबलाशी येऊन बसले ती संध्याकाळपर्यंत एकेका कार्डावर दोनदा शिक्का मारत राहिले.

अवघडल्यासारखं. ताई, तुझी जीभ कशी वळली? तू तीच बाई जी माझ्या सासूला म्हणाली होतीस, हिच्या कपाळाची काळजी तुम्ही करू नका. मला पुन्हा रंगीत साडी तूच नेसायला लावलीस. चाळीत सत्यनारायणाला मला पुढे बसवलंस म्हणून दोन महिने शेजारणीशी भांडलीस. आणि ज्या दिवशी खरोखर मोजायची वेळ आली त्या दिवशी तुझ्या यादीतून मी आपोआप गळले. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

बरं, एकटी मीच नव्हते. तुझी यादी कोर्टात गेली, तिची प्रत कायद्याने कंपनीला मिळते, हे तुझ्या ध्यानात आलं नाही. मॅनेजरने नावं वाचली, एकेकीला केबिनमध्ये बोलावलं आणि बारा जणींकडून युनियन सोडल्याच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. सहासष्टाच्या चौपन्न झाल्या. श्रावणात कोर्टाचा तपासनीस आला, माझ्याच टेबलावर बसून मस्टर ताडून पाहिलं, आणि नऊ कमी पडल्या. मान्यता गेली.

तू त्या बारा जणींना शिव्या घालत होतीस. मग मला घातल्यास. यादी आतून तूच दिली असशील, म्हणालीस, साहेबांच्या पंख्याखाली बसून तुला बाकीच्यांचा उकाडा कळत नाही. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी कपाटातल्या वारस नोंदणीच्या फायली काढल्या. कुणाचा नवरा आहे, कुणाचा नाही, कुणाचा असून नसल्यासारखा, सगळं त्यात असतं. मी मोजलं. विधवा आणि टाकलेल्या मिळून आम्ही सोळा जणी होतो. सोळांपैकी एकीलाही तू हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतंस. बोलावणार कशी? आणि त्या सोळा जणींत मॅनेजरला घाबरणारी एकही नव्हती, कारण घर एकटीने चालवणाऱ्या बाईला मॅनेजर फार मोठा वाटत नाही.

हे मी तुला त्याच रात्री सांगू शकले असते. नाही सांगितलं. मला इतका राग आला होता की म्हटलं, शोधू दे तिचं तिला. त्याच्याही आधी, ते सहा महिने चालू होते तेव्हा, मी स्वतः उठून तुझ्याकडे येऊ शकले असते, आण तो फॉर्म म्हणून. नाही आले. मला विचारून घ्यायचं होतं. बावळटपणा आहे, मान्य. पण बावळटपणाचा मक्ता काय एकट्या तुझ्याकडे होता?

आपण दीड वर्ष बोललो नाही. भावोजी मधल्यामध्ये दोन्हीकडे भाजी पोचवत राहिले.

आणि त्या नऊ जणींपायी कंपनीचं काय झालं ते तू पाहिलंस, मीही पाहिलं. शेठला वाटलं होतं, सुटलो. कसला सुटतोय. मोल्डिंगवाल्यांनी त्यांचा एक पुढारी धरला, लोडिंगवाल्यांनी त्यांचा, मॅनेजरच्या मेव्हण्याने दुसरी युनियन काढली. एकाशी ठरवलं की दुसरा मशीन बंद करायचा. दिवाळीची मोठी ऑर्डर, ट्रक गेटवर उभे, आणि तीन दिवस पट्टा बंद. शेठ माझ्या खिडकीशी आला, रात्रभर झोप नसल्यासारखा चेहरा. विचारलं, यातल्या कुणाशी बोललो म्हणजे सगळे ऐकतील? मी म्हटलं, माझ्या बहिणीशी. तो पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, तिला मान्यता कुठे आहे. मला त्याच्या डोक्यात रजिस्टर घालावंसं वाटलं. ती मान्यता कुणी घालवली, बाबा?

पण तोही पुढे शिकला. कायम माणूस कमी केला, ठेकेदाराचा वाढवला. ठेकेदाराची बाई आपल्या मस्टरवर नसते, तिची युनियन नाही, तिची तक्रार नाही, आणि तिला कामाचा लळाही नाही. झाकणं तेव्हापासून जास्तच बसेनाशी झाली. परत आलेल्या मालाचा ढीग पाहून शेठ ठेकेदाराला शिव्या घालायचा. मस्टर दोनशे दहावरून एकशेचाळीसवर आलं. मी बावीस वर्षांत एवढंच शिकले, की कायद्यात एक आकडा लिहिला की शेठ, युनियन, वकील सगळे त्या आकड्याभोवती फेर धरतात आणि पट्ट्यासमोर उभी असलेली बाई तशीच उभी राहते.

आता नवा कायदा आला. तू चष्मा लावून त्याचे कागद वाचलेस, अर्धे कळले, अर्ध्यांवर माझ्याशी भांडलीस. तुझ्या दृष्टीने सगळंच वाईट होतं. संपाला आधी नोटीस द्यायची, छोट्या कंपनीला नियमांतून सूट, शेठच्या पथ्यावर सगळं. मी म्हटलं, एक ओळ तुझ्याही पथ्यावर आहे. दोन युनियन असल्या तर ज्या युनियनमागे शंभरातले एक्कावन्न, तीच एकटी बोलणार. म्हणजे मेव्हण्याचं दुकान बंद. तू म्हणालीस, तीसच्या वेळी जमले नाहीत, एक्कावन्न काय आभाळातून पाडू? आणि दुसऱ्याच दिवसापासून, गुडघ्याला पट्टा बांधून, गोळा करायला लागलीस. एकसष्ट झाल्या. लागणार होत्या बहात्तर.

मग छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेलं. तिथेही उशाखाली यादी. मी मोसंबी सोलत होते आणि तू नर्सला सांगत होतीस की संक्रांतीपर्यंत मला सोडा, माझ्या घरी हळदीकुंकू आहे. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, यंदा मोठं करायचं, शालन, यंदा अकरा जणी खेचायच्या आहेत.

माझ्या हातातली मोसंबी तशीच राहिली. आठ वर्षं गिळलेलं सगळं त्या खाटेशी बाहेर आलं. आजारी बाईपुढे बोलू नये ते मी बोलले. "तुझ्या नऊ कमी पडल्या होत्या ना, ताई? आम्ही सोळा जणी होतो. हळदीकुंकवाला चालत नाही म्हणून सहीलाही चाललो नाही."

तू बोटांवर काहीतरी मोजत होतीस. एकेकीचा चेहरा आठवत असावीस, कारण ओठ हलत होते. मला वाटलं आता रडशील. तू कसली रडतेस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "मग तू बोलली का नाहीस?"

"तू विचारलं का नाहीस?"

तेवढ्यात नर्स बीपी बघायला आली आणि मला बाहेर काढलं. वाटलं, उद्या भांडू. दुसऱ्या दिवशी तुला आत आयसीयूत हलवलं, आणि तिसऱ्या दिवशी भांडायला कुणी उरलं नाही. ताई, असं अर्धं भांडण टाकून जातात का? माझ्या डोक्यात रोज तू तोच प्रश्न विचारतेस आणि मी तोच विचारते. दोघीही बरोबर आहोत, हाच तर वैताग आहे.

तुला नेताना काय झालं तेही सांगते. तू सवाष्ण गेलीस म्हणून तुझी ओटी भरायची होती. हिरवी साडी, बांगड्या, कपाळभर कुंकू. मी तुझ्या डोक्याशी बसले होते. तुझी नणंद हळूच म्हणाली, शालन, तू जरा बाजूला हो गं. वाईट हेतू नव्हता तिचा. तुझाही नव्हता. मी उठले आणि दाराबाहेर पायऱ्यांवर गेले. तिथे पॅकिंगची वनिता आधीच उभी होती, नायगावच्या खाडीकडची, नवरा बोटीवरून पडून गेला तिचा. तिने मला जागा दिली. आतून बांगड्यांचा आवाज येत होता. वनिता म्हणाली, "तवा पन असंच झालं. आमाला कोनी इचारलंच नाय."

मी विचारलं, विचारलं असतं तर केली असतीस सही? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच खुळी. म्हणाली, सही कशाला, दोन्ही अंगठे दिले असते, तुझी बहीन माज्या पोराच्या शाळेसाठी शेठशी भांडली व्हती.

त्या पायऱ्यांवर मी रडले, ताई. तू गेल्याचं नंतर, आधी या गोष्टीचं. एवढी सगळी माणसं तुझीच होती आणि तुला ती मोजता आली नाहीत.

तेरावं झालं. शेठ येऊन गेला. तुझ्या फोटोला हार घातला आणि मला म्हणाला, भांडखोर होती, पण एक शब्द दिला की माझी अख्खी फॅक्टरी चालायची, आता मी कुणाशी बोलू? मी चहा दिला. काही बोलले नाही, कारण बोलले असते तर चहा त्याच्या सदऱ्यावर गेला असता. त्याच्यासोबत आलेल्या मॅनेजरने मात्र जाता जाता सुचवलं, की ऑफिसच्या माणसांनी मोजणीच्या भानगडीत पडू नये, भिवंडीच्या गोदामात एक टेबल रिकामं आहे. म्हणजे तोही घाबरलाय.

गेल्या शनिवारी सुट्टीनंतर मी तुझ्याच घरी बायका बोलावल्या. भावोजींना विचारून. हळदी नाही, कुंकू नाही, वाण नाही, नुसता चहा आणि सुनेने केलेले पोहे. निरोप वनिताकडून पाठवला, की ज्यांना आजवर कुणी बोलावलं नाही त्यांनी या. दहा आल्या. तुझ्या फोटोखाली सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या. एकीने विचारलं, युनियन आली तर काय मिळेल? मी म्हटलं, पहिलं स्टूल. सगळ्या हसल्या, आणि मग कुणीच हसेना. एकीने आपले गुडघे दाबले. दहाही जणींनी फॉर्म भरले. आठ वर्षं लागली ज्याला, ते पाऊण तासात झालं.

हिशेब ऐक. मस्टरवर एकशेचाळीस होते, तू गेलीस, एकशेएकोणचाळीस झाले. आता एकाहत्तर पुरतात. तुझ्या एकसष्टातूनही तूच कमी झालीस, राहिल्या साठ. साठ आणि या दहा, सत्तर. मॅनेजर रोज एकेकीला बोलावतोय, उद्या कोण गळेल सांगता येत नाही, पण शनिवारी संध्याकाळी तरी एकच कमी होती.

अकरावा फॉर्म माझ्यासमोर होता. मी नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, कार्ड नंबर लिहिला. खाली एक ओळ असते, मेंबर कुणी केले. त्यावर मी तुझं नाव लिहिलं. वनिता खांद्यावरून बघत होती. म्हणाली, हे बाद होईल. बरोबर होतं तिचं. गेलेल्या माणसाने केलेला मेंबर मोजणीत कोण धरणार? बावीस वर्षं याद्या करणाऱ्या बाईला हे दुसऱ्याने सांगावं लागलं. मी तो फॉर्म घडी घालून तुझ्या फोटोमागच्या निळ्या डब्यात टाकला. झाकण अर्थातच बसलं नाही.

दुसरा कोरा फॉर्म घेतला, पण पेन चालेना. दहा बायका चहाचे कप हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मी वनिताला म्हटलं, आधी मला विचार. तिला आधी समजलं नाही. मग समजलं. तिने कप खाली ठेवला, माझ्यासमोर नीट मांडी घालून बसली आणि म्हणाली, "शालनबाय, युनियनची मेंबर होशील का?"

होईन म्हटलं आणि सही केली.

एवढंच होतं गं, ताई. एवढंच विचारायचं होतंस.